गंजगोलाईतलं पाईप-फिटिंगचं दुकान: साडेतीन स्टार, त्यातला एक नुसत्या लाकडी फळीला

आधीच सांगते, दुकानाचं नाव लिहिणार नाही. काकांनीच बजावलंय की नाव टाकू नका, आहे तीच गर्दी आवरत नाही. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या एका रस्त्याला आत शिरलं की डाव्या हाताला वर पत्रा, बाहेर काळ्या नळीची बंडलं टांगलेली अशी तीन दुकानं एका रांगेत आहेत, त्यातलं मधलं. ज्याला गरज आहे त्याला सापडतं. स्कुटी लावायला जागा मिळणार नाही हे धरूनच जा.

तर झालं असं की मागच्या मे महिन्यात, ऐन उन्हात, आमच्या ठिबकच्या फिल्टरचा क्लॅम्प तुटला. क्लॅम्प म्हणजे काही लई मोठी वस्तू नाही, फिल्टरचं झाकण आणि बुड एकमेकाला धरून ठेवणारी प्लास्टिकची पट्टी, हाताच्या कड्याएवढी. पण ती नसली की मोटर चालू केल्यावर झाकण उडून जाऊन बांधावर पडतंय, आमचं पडलं, नशीब सालगडी दोन हात लांब उभा होता.

औसा तालुक्यात आमचा दोन एकर ऊस आहे. आमचे हे पुण्याला कंपनीत, सासऱ्यांचे गुडघे गेलेत, म्हणजे शेत माझ्याकडं आणि सालगड्याकडं. तीन वर्षाखाली सबसिडीत ठिबक बसवलं, एका नावाजलेल्या कंपनीचं. ठिबकबद्दल माझी तक्रार नाही, उलट मी तर त्याच्या प्रेमातच आहे. पाच फुटाची सरी, १६ एमएमची नळी, दर ४० सेंटीमीटरला एक ड्रिपर, ताशी २ लिटर. हिशोब केला तर एका एकरात अडीच हजार मीटरच्या वर नळी आणि साडेसहा हजार ड्रिपर निघतात, दोन एकरात तेरा हजार. आणि तेरा हजारच्या तेरा हजार जागी पडणारं पाणी जवळजवळ सारखं. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा सासूबाई सरीच्या कडेला बसून बराच वेळ बघत होत्या, मग म्हणाल्या, एवढ्या लेकरांना एकाच चमच्यानं औषध पाजल्यासारखं आहे की गं हे.

असं सगळं छान, आणि एका पट्टीनं सगळं बंद.

ज्या डीलरनं बसवलं त्याला फोन केला तर म्हणतो क्लॅम्प सुट्टा येत नाही मॅडम, पूर्ण फिल्टर घ्यावा लागंल, ४२०० रुपये, आणि मागवायला आठ-दहा दिवस. बरं दुसऱ्या कंपनीचा क्लॅम्प बसंल का? नाही बसत, कारण ह्यांच्या झाकणाची कड ह्यांनी मुद्दाम वेगळी ठेवलीय. मुद्दाम हा शब्द माझा. तालुक्याला दोन दुकानं फिरले, एका ठिकाणी पोरगं म्हणतंय मालकाला पाठवा, त्यांना कळंल. म्हणलं मालक मीच आहे, मला कळतंय, तुला कळत असंल तर सांग. मग सायकलची ट्यूब कापून आवळून बांधली, तर चारी बाजूनं फवारा. बिनफिल्टरचं पाणी सोडावं तर विहिरीला शेवाळ, तेरा हजार ड्रिपर एका दमात बुजायचे. पाटानं द्यावं तर मे महिन्यात विहिरीला तेवढं पाणी कुठलं. नऊ दिवस ऊस तसाच उभा राहिला. हे नऊ दिवस ध्यानात ठेवा, पुढं परत येणार आहेत.

त्यात माझा पण एक शहाणपणा झाला. म्हणलं हा फिल्टरच काढून टाकू, साधा बसवू, आणि तालुक्यातनं 'दोन इंची' जोड घेऊन आले. घरी येऊन बघते तर आमच्या शेतातल्या पाईपवर चढतच नाही. शेतात पण दोन इंची, हातात पण दोन इंची, आणि दोघांचं जमत नाही. डोकं फिरलं माझं.

दहाव्या दिवशी चुलत दिरानं ह्या दुकानाचा पत्ता दिला.

दुकानात शिरलं की आधी काही कळत नाही. भिंतभर लाकडी खण, त्यात टी, एल्बो, रिड्युसर, एमटीए, एफटीए (बाहेरून आणि आतून आटे असलेले जोड), खाली बिस्किटाच्या जुन्या डब्यात ग्रोमेट, टेकऑफ, जॉइनर, एंड कॅप, रबर रिंगा, सगळं धुळीनं एका रंगाचं झालेलं. कुठल्याच खणावर नाव नाही. गल्ल्यावर काका बसलेले, सत्तरीच्या आसपास, धोतर नाही पण टोपी आहे, चष्मा कपाळावर. आणि त्यांच्या डाव्या हाताला भिंतीवर ठोकलेली ती लाकडी फळी.

ह्या फळीसाठी मी हा रिव्ह्यू लिहायलेय खरं तर. दोन हात लांब फळी, तिच्यावर लहानापासून मोठ्यापर्यंत आट्यांचे नमुने पक्के बसवलेले, वरच्या ओळीत बाहेरून आटे असलेले, खालच्या ओळीत आतून आटे असलेले. गिऱ्हाईक कुठलाही तुकडा घेऊन येऊ दे, काका एक शब्द विचारत नाहीत, तुकडा घेतात, फळीवर फिरवून बघतात, ज्याच्यावर सरळ बसला त्याच्या खणात हात घालतात आणि वस्तू समोर. कंपनी कुठली, कधी घेतला, किती इंची, कशाला पाहिजे, काही नाही. माझ्या समोर एक जण बोअरच्या मोटरचा गंजलेला तुकडा घेऊन आला होता, त्यालाच माहीत नव्हतं ते काय आहे, दोन मिनिटात काम होऊन गेला.

माझा क्लॅम्प मात्र त्यांनी फळीकडं नेलाच नाही. हातात घेतला, उलटा केला, आणि म्हणले, "हे कुठलं हो आणलाव ताई. ह्याला तोंडच नाही."

म्हणलं म्हणजे?

म्हणले, वस्तूचं तोंड जुळलं पाहिजे, पोट कसं का असंना. आत त्यांनी जाळी घालू दे, चकत्या घालू दे, सोनं भरू दे, आपल्याला करायचं काय. पण पाणी शिरायचं तोंड आणि निघायचं तोंड, ते सगळ्या गावाचं असतंय तसं पाहिजे. उघडायचं झाकण पण एक तोंडच की, आणि ते ह्यांनी आपल्यापुरतं केलंय.

मग माझी दोन इंचीची तक्रार काढली तर हसले. दोन तुकडे काढून काउंटरवर ठेवले, दोन्ही पांढरट, नजरेला सारखेच. एक घराच्या प्लंबिंगचा दोन इंची, त्याचं बाहेरचं माप ६०.३ एमएम. दुसरा शेतीचा, त्याचं बाहेरचं माप ६३ एमएम, पण सगळे त्याला दोन इंचीच म्हणतात. तसंच ७५ ला अडीच इंची, ९० ला तीन, ११० ला चार. पावणेतीन एमएमचा फरक, म्हणजे जाड पुठ्ठ्याएवढा, आणि तेवढ्यासाठी माझी एक चक्कर, एक दिवस आणि १८० रुपये गेले. शेतीचे पाईप मिलिमीटरवर चालतात आणि घरातले इंचावर, दोन वेगवेगळ्या मापाच्या शाळेतले, आणि आपण बोलताना दोघांना एकच हाक मारतो. तेव्हापासून मी दुकानात इंच हा शब्द काढत नाही, ६३ म्हणते. तुम्ही पण म्हणा.

त्याच्यापुढची गंमत अशी की इंच जिथं खरा इंच आहे तिथं पण तो इंच नाही. घरच्या नळाची अर्धा इंची तोटी असती ना, ती आणा आणि आट्यावर पट्टी लावा. साधारण २१ एमएम भरंल. अर्धा इंच म्हणजे १२.७. मग हे अर्धा कुठनं आलं? काकांनी एक जुना लोखंडी पाईपचा तुकडा दाखवला, आत बोट घातलं तर भिंत चांगली जाड. सुरवातीला लोखंडी पाईप असेच जाड असायचे, अर्धा इंच हे आतल्या भोकाचं माप होतं. पुढं लोखंड सुधारलं, भिंत पातळ झाली, पण बाहेरचं माप बदललं असतं तर आधीचे सगळे जोड भंगारात गेले असते, म्हणून बाहेरचं तसंच ठेवलं आणि नाव पण तसंच राहिलं. म्हणजे आपण रोज नळावर ज्याचं नाव घेतो ते माप त्या नळात कुठंच नाही. आट्यांचं पण तसंच. १८४१ मध्ये इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या माणसानं सांगितलं की प्रत्येक कारखान्यानं आपल्या मनानं आटे पाडू नका, आट्याचा कोन ५५ अंश ठेवा आणि कुठल्या जाडीला इंचात किती आटे हे ठरवून टाका. त्याच्याच घराण्यातले आटे आज आपल्या नळाला आहेत, अर्धा इंचीला आणि पाऊण इंचीला इंचात १४, एक इंचीपासून पुढं ११. काकांना व्हिटवर्थ माहीत नाही, ते मी घरी येऊन वाचलं. काकांना १४ आणि ११ मात्र बोटाला माहीत आहे, नख फिरवून सांगतात.

तर त्यांनी मला काय दिलं. दोन इंची आट्याचा साधा जाळीचा फिल्टर, दोन युनियन (नट ढिला केला की सुटणारे जोड), दोन ६३ चे आटेवाले जोड, सोल्युशनची डबी, टेफ्लॉन टेपचे तीन रोल. सगळे मिळून २३५० रुपये. आणि कागदावर चित्र काढून दिलं, पाईप कुठं कापायचा, युनियन कुठं येणार. युनियन दोन्ही बाजूला घ्या म्हणले, म्हणजे पुढच्या वेळी फिल्टर गेला तर पाईप कापायची गरज नाही, दोन नट ढिले करायचे, जुना काढायचा, कुठल्या पण कंपनीचा नवा ठेवायचा. जाताना ओरडून सांगितलं, टेप आट्याच्या दिशेनंच गुंडाळा, उलटा गुंडाळला तर जोड पिळताना निघून येतो. मी घरी पहिला जोड उलटाच गुंडाळला. निघूनच आला, पांढऱ्या शेवया झाल्या सगळ्या. दुसऱ्यांदा बरोबर. सोल्युशन लावून अर्धा मिनिट दाबून धरलं, संध्याकाळपर्यंत हात लावला नाही, रात्री लाईट आली तेव्हा मोटर टाकली. एक थेंब गळाला नाही. मी अंधारात टॉर्च घेऊन जोडाच्या खाली हात धरून किती वेळ उभी होते ते सांगत नाही, सालगडी हसायला होता.

काकांचं ते तोंडाचं बोलणं मात्र डोक्यात राहिलं, आणि परत गेले तेव्हा त्यांनीच रेल्वेचा विषय काढला. त्यांचे वडील आडतीवर होते. लातूरला रेल्वे १९११ साली आली ती बार्शी लाईटची, अडीच फुटी रूळ, ७६२ एमएम. ती बांधणारा एवरार्ड कॅलथ्रॉप हा मोठा डोक्याचा माणूस, इंजिन असो की वॅगन, एका आसावर पाच टनाच्या वर वजन येऊ द्यायचं नाही असं सगळ्याला एकच माप त्यानं लावलं, त्यामुळं हलका रूळ चालला, खर्च वाचला. आतलं सगळं शिस्तीत. पण कुर्डुवाडीला मोठी लाईन लागायची, तिचा रूळ १६७६ एमएम. तोंड जुळंना. मग लातूरचं पोतं कुर्डुवाडीला एका गाडीतनं उतरवायचं, हमालाच्या पाठीवरनं दुसऱ्या गाडीत टाकायचं. काका म्हणले, आमच्या वडिलांच्या हिशोबाच्या वहीत कुर्डुवाडीची हमाली वेगळी लिहिलेली असायची, आणि फाटलेल्या पोत्याची नुकसानी वेगळी. जवळजवळ शंभर वर्ष ही हमाली चालली. ब्रॉडगेज झाली ती २००८ च्या आसपास.

आणि मग २०१६. लातूरच्या माणसाला २०१६ म्हणलं की पुढं काही सांगावं लागत नाही. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावली होती, भांडणं होत होती म्हणून. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, दहा वॅगन, एका वॅगनमध्ये पन्नास हजार लिटर, पुढं पुढं पन्नास वॅगनच्या गाड्या आल्या. त्या वॅगन राजस्थानातल्या कोट्याच्या वर्कशॉपमध्ये धुऊन तयार केलेल्या, मिरजेत भरलेल्या आणि लातूरच्या रुळावर थेट आल्या. काका म्हणले, दहा वर्ष आधी हाच दुष्काळ पडला असता तर पाणी कुर्डुवाडीला थांबलं असतं. पाण्याचं काही पोतं भरता येत नाही हमालाच्या पाठीवर. मी तेव्हा लातूरला भाड्यानं राहायची, लेकरू लहान, पाण्याचे ड्रम मोजून झोपायची, पण हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

आता कुणी म्हणंल की मग सगळंच एका मापाचं करा की. तिथं माझं आणि काकांचं जुळत नाही. म्हणजे जुळतं, पण त्यांना ते पाईपापुरतं माहीत आहे आणि मला मावशीच्या घरामुळं माहीत आहे.

मावशी किल्लारीच्या पट्ट्यातली. ३० सप्टेंबर १९९३, गणपती बुडवून लोक नुकते झोपले होते, पहाटे चारला चार मिनिटं कमी. दगडमातीची जाड भिंतीची घरं, वर माळवद, सगळं अंगावर आलं. मावशीची सासू आणि एक दीर गेले. नंतर गावं दुसरीकडं वसवली, पन्नासच्या वर गावं अशी उठली, आणि घरं आली ती तीन मापात. जमीन नाही किंवा एक हेक्टरपर्यंत, त्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टर, त्याला ४००. त्याच्या वर ७५०. मावशीची आठ एकर, म्हणजे चारशेचं घर. भूकंपात टिकंल असं पक्कं बांधकाम, ह्याला नावं ठेवायचा माझा जीव होणार नाही, हजारो घरं कमी वेळात उभी करायची तर एकच नकाशा लागतो हे मला पण कळतंय. पण मी लहान असताना तिथं सुट्टीला गेले की चुकायची. सगळ्या गल्ल्या सरळ, सगळी घरं एकसारखी, खिडकी त्याच जागी, दार त्याच जागी. एकदा दुपारी पाणी पिऊन बाजल्यावर आडवी झाले आणि उठवायला भलतीच बाई आली, म्हणती तू कुणाची गं. मावशीच्या शेजारणीनं दाराला निळा रंग दिला होता, त्याच्यापुढचं ते आपलं, अशी खूण होती.

जुन्या वाड्यात ढेलज होती, आत चौक, कडेला गुरं, वर माळवदावर वाळवण. नव्या घरात कडबा कुठं ठेवायचा हे कुणी विचारलंच नव्हतं. पहिली दोन वर्ष मावशीनं घरात ज्वारीची पोती ठेवली आणि माणसं बाहेर पत्र्याखाली झोपायची, तसं भिंतीच्या आत झोपायची भीती पण होतीच. आज तिथं जाऊन बघा. चारशेच्या घराला पुढं पडवी काढलीय, मागं चुलीचा पत्रा, एका बाजूला गोठा, दुसऱ्या बाजूला पोराची खोली, शेजाऱ्यानं वर मजला चढवलाय, एकानं पुढं किराणा टाकलाय. आता एकसारखी दोन घरं शोधून दाखवा. सरकारनं पोट मापात दिलं होतं आणि तोंड ठेवलंच नव्हतं, म्हणजे पुढं कुठं आणि कसं वाढवायचं ती जागाच नकाशात नव्हती, ती लोकांनी भिंती फोडून काढली.

असो, रिव्ह्यू दुकानाचा आहे. आता कापलेल्या स्टारचं बोलते.

एक स्टार पाईपसाठी कापला. दुकानात दोन प्रकारचा ६३ चा पाईप आहे, दोन्ही करड्या रंगाचा, दोन्ही वीस फुटी, एक स्वस्त. काका जेवायला गेले होते आणि पोरानं मला स्वस्तातला काढून दिला, मी पण घाईत, बघितलं नाही. तो पावसाळ्याच्या आधीच उन्हानं चिरला. नंतर काकांना दाखवला तर म्हणले, ताई ह्याच्यावर वाचला का तुम्ही. मी म्हणलं तुम्ही विकताना वाचून दाखवला का. गप बसले. अर्धे पैसे परत दिले, ते मान्य करते, पण असा माल ठेवायचाच कशाला ह्याचं उत्तर दिलं नाही, गिऱ्हाईक मागतंय एवढंच. तेव्हा तुम्ही घेताना पाईपवर छापलेली ओळ वाचा. आयएसआयचा शिक्का, त्याच्यावर आयएस ४९८५ हा नंबर, बाजूला पाईपचं माप, किती दाबाचा आहे तो आकडा, आणि सीएम/एल ह्या अक्षरांपुढं लायसन्स नंबर. तो नंबर मोबाईलमध्ये बीआयएस केअर नावाच्या अॅपमध्ये टाकला की खरा का खोटा ते कळतंय. आयएसआय ही संस्था १९४७ ची, १९८७ पासून तिचं काम बीआयएसकडं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोकडं आलं, पण शिक्का लोकांच्या डोळ्यात बसलेला म्हणून तोच ठेवला. अर्धा इंचीसारखंच झालं, मालक बदलला पण नाव तेच.

उरलेला अर्धा स्टार वेळेसाठी. दोन ते चार दुकान बंद, मृगाच्या आधी पंधरा दिवस गर्दी इतकी की काका फळीसमोरच उभे असतात, हाक ऐकू येत नाही. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, मागितलं तर पोरगं असं बघतंय की जणू त्याच्या घरची जमीन मागितली. फोनपे चालतंय.

एक बरं, गल्ल्यापाशी एक चार्जरची वायर लोंबकळत असती आणि कुणी पण लावतंय. आधी तिथं तीन वायरी होत्या म्हणे, एक जाड पिनची, एक बारीक, एक आयफोनवाल्या पोरांसाठी. आता एकच, टाईप सी. युरोपनं २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाईलला तेच भोक पाहिजे असा कायदा लावला आणि गंजगोलाईतल्या दोन वायरी कमी झाल्या. काका त्याला पण तोंडच म्हणतात.

आता शेवटचं, आणि हे दुकानाबाहेरचं आहे, पण त्याच्याशिवाय रिव्ह्यू पुरा होत नाही.

तो ऊस ऑक्टोबरमध्ये लावलेला होता. लावताना आम्ही एक डोळ्याची टिपरी करतो. ऊस म्हणजे बघा, तुकड्याला तुकडा लावून उभी केलेली वस्तू. प्रत्येक कांडीला एक डोळा, डोळ्यापाशी मुळ्या फुटायचे बारीक ठिपके, म्हणजे प्रत्येक तुकड्यात पुढचा पुरा ऊस बसलेला. कुठं पण कापा, डोळा शाबूत असला की झालं. उगवला नाही तर नांग्या भरायला तोच तुकडा दुसरा आणून लावा, शेताला फरक कळत नाही. काकांच्या भाषेत तोंड एकदम पक्कं, कुठल्याही कांडीचं कुठंही चालतंय. पण कांडीची लांबी? ती कुणी ठरवून दिलेली नाही. पाणी, खत, ऊन जसं मिळंल तशी. पाणी भरपूर मिळालं त्या दिवसातली कांडी लांब, ताण पडला तेव्हाची आखूड. दहा-बारा दिवसाला एक पान, आणि पानामागं एक कांडी.

जानेवारीत ऊसतोडीची टोळी आली. पहिल्या दिवशी मी बांधावर चहा घेऊन गेले तर मुकादमाची बायको मोळी बांधत होती, मला म्हणाली, ताई तुमच्या उसाला मधीच काय झालतं. मी म्हणलं का. तिनं एक ऊस काढून माझ्या हातात दिला. बुडापासून कांड्या चांगल्या, वीतभर, मग कमरेच्या जरा खाली एक एकदम आखूड, चार बोटं, तिच्यावरची त्याहून थोडी मोठी, आणि परत वरपर्यंत सगळ्या लांब. दुसरा ऊस बघितला, तसाच. तिसरा पण. दोन एकरातल्या ज्या उसाला हात लावावा त्याला त्याच उंचीवर ती चार बोटांची कांडी.

एक ऊस मी लातूरला जाताना स्कुटीला बांधून नेला. काकांनी चष्मा डोळ्यावर घेतला, आखूड कांडीवर अंगठा ठेवला, आणि विचारलं, "किती दिवस बंद होतं म्हणलाव?"

नऊ, म्हणलं.

ऊस फळीच्या बाजूला भिंतीला टेकवून ठेवलाय त्यांनी. मागच्या आठवड्यात गेले होते तेव्हा तिथंच होता, वाळून पिवळा पडलेला.